तगीर, बहाल व रसद : नांदेड-लातूरकडील अंमलदारांच्या बडतर्फीचा विचार

वरिष्ठ नोकरास दूर करावयाचें झाल्यास एक ते तीन महिन्यांची आगाऊ सूचना द्यावी, अथवा तेवढ्या मुदतीचा पगार त्याचे पदरीं घालावा, असें कलम आज बहुतेक नेमणूकपत्रांत आढळतें. हें कलम इंग्रजी अमदानीबरोबर आलें आणि तत्पूर्वीं धन्याची मर्जी फिरली कीं चाकर गेला, असा एक समज रूढ आहे. त्यांत निम्में सत्य आहे. मर्जी फिरे आणि चाकर जाईही. परंतु त्या मर्जीस आडकाठी मुळींच नव्हती असें मात्र नाहीं. ती आडकाठी मुदतीची नसून पैशाची होती. सध्यांच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या मुलुखास अनुलक्षून हा प्रकार येथें थोडा तपशिलानें मांडण्याचें योजिलें आहे. कारण या बाजूच्या जुन्या घराण्यांच्या रुमालांत अंमलदारांच्या नेमणुकीचे व बडतर्फीचे कागद निघतात, आणि त्यांचा अर्थ पुष्कळदां एकेरी लावला जातो.

प्रथम शब्दांचा विचार करूं. नेमणें व कायम राखणें यास ‘बहाल’ आणि काढणें यास ‘तगीर’ हे शब्द मोंगली दप्तरांतून मराठींत आले. तगीर याचा मूळ अरबी अर्थ ‘बदल’ एवढाच. बडतर्फ हा फारसी ‘बर-तरफ’, म्हणजे बाजूस केलेला. मराठी दप्तरांत ‘मामलत दूर करून अमक्यास सांगितली’ असा प्रयोग सर्रास होतो. या तिन्ही शब्दांत अपराधाचा वास नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. तगीर झालेला अंमलदार दोषी होता असें त्या एका शब्दावरून ठरविणें धोक्याचें आहे; तो दोन वर्षांनीं दुसऱ्या परगण्यावर बहाल झालेलाही सांपडावयाचा.

या मुलुखाची राज्यव्यवस्था दुहेरी होती. शहाजहानाच्या काळीं नांदेड हें तेलंगण सुभ्याचें मुख्य ठाणें होतें. पुढें तो मुलूख बेदर सुभ्यांत गेला. इ.स. १७१९ त दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा शाहू महाराजांस मिळाल्या, त्यांत बेदरचा सुभा होताच. त्यामुळें एकाच परगण्यांत निजामाचा आमील आणि मराठ्यांचा कमाविसदार असे दोन अंमलदार नांदत. इ.स. १७६० च्या फेब्रुवारींत उदगीर-औशाच्या टापूंत भाऊसाहेबांनीं निजामाचा मोड केला, तरी ही दुअमली मोडली नाहीं. तेव्हां या बाजूचा देशमुख-देशपांडे दोन्ही दरबारांच्या ताकिदी घेत होता. एकीकडचा अंमलदार बदलला तरी दुसरीकडचा जागच्या जागीं असे. अशा बदलीची वर्दी सरकारांतून दोघांस जाई. जाणाऱ्यास मामलत सोडून हिशेब रुजू करण्याविषयीं, आणि परगण्याच्या जमीनदारांस नव्या अंमलदाराशीं रुजू होऊन अंमल सुरळीत देण्याविषयीं. दोन्ही पत्रें प्रायः एकाच तारखेचीं. यावरून पूर्वसूचना शून्य होती असेंच प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु खरी सूचना या पत्रांत नव्हेच. ती नेमणुकीच्या यादींत पाहावी.

कमाविसदारास मामलत सांगतांना सरकार त्याजकडून परगण्याच्या बेरजेचा कांहीं हिस्सा आगाऊ घेई. हीच रसद. बहुधा सावकाराकडून उचलूनच ती भरावी लागे. तीस दरमहा शेंकडा एक किंवा त्याहून चढें व्याज धरीत, आणि तें व्याज मुद्दलासह परगण्याच्या वसुलांतून वारून घेण्याची मुभा अंमलदारास असे. वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशींत कमाविशीच्या ज्या यादी छापल्या आहेत, त्यांवरून या व्यवहाराची कल्पना येते. दरम्यान मामलत दूर झाल्यास रसदेचा ऐवज व्याजासुद्धां उगवून द्यावा, ही त्या व्यवहारांतील कळीची अट. नवा कमाविसदार येतो तो जुन्याची रसद फेडून येतो, हा त्याचा व्यवहारांतील अर्थ. ज्या धन्याजवळ रोकड नाहीं व ज्यास नवा रसददार मिळत नाहीं, त्यास चाकर काढतां येत नाहीं.

येथें वर्षाचा प्रश्न येतो, आणि तोच या विषयाचा गाभा होय. मराठी दप्तराचें सुहूर सन मृगाबरोबर, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास पालटतें. दक्षिणी फसलीही तसेंच. उदाहरणार्थ, ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७१, तें इ.स. १७७० च्या मृगापासून १७७१ च्या मृगापर्यंत. अंमलदार रसद भरतो ती वर्षारंभीं, रान ओलें होण्याच्या सुमारास. खरिपाचा पैसा कार्तिक-मार्गशीर्षापूर्वीं हातीं येत नाहीं, आणि औसा-लातुराकडील काळ्या जमिनींत शाळूचें पीक मोठें असल्यामुळें तेथील पुष्कळसा वसूल माघ-फाल्गुनाच्या पुढेंच लांबतो. आतां आश्विनांत तगीर झालेल्या कमाविसदाराची अवस्था पाहावी. सावकाराचें व्याज चार महिने चढलेलें, शिबंदी पोसलेली, तगाई वांटलेली, आणि वसूल करावयास उभा राहणार दुसराच. उलट चैत्रांत तगीर झालेल्याची फारशी हानि नाहीं. तो आपला ऐवज उगवून बसलेला असतो. म्हणून बडतर्फी किती दिवस आधीं कळली यापेक्षां ती कोणत्या महिन्यांत झाली, हा प्रश्न आधीं विचारावा.

ही गोष्ट केवळ आपल्या देशाचीच नव्हे. इंग्रज धर्मशास्त्री ब्लॅकस्टन यानें इ.स. १७६५ त प्रसिद्ध होऊं लागलेल्या आपल्या ग्रंथांत असें नमूद केलें आहे कीं, मुदत न ठरवितां ठेवलेला चाकर कायद्यानें एक वर्षाचा समजावा. कारण कामाच्या व बेकामाच्या दोन्ही ऋतूंत धन्यानें त्यास पोसावें व त्यानेंही चाकरी करावी, हेंच न्याय्य. तेथें शेतावरचा गडी व येथें परगण्याचा अंमलदार, एवढाच भेद. वर्षाच्या मध्यावर सोडण्यांत जो अन्याय होतो, त्याचें मूळ दोन्हीकडे शेताच्या चक्रांत आहे.

कमाविसदाराच्या हाताखालचे दरकदार मात्र निराळ्या जातीचे. मजमूदार, फडणीस, दफ्तरदार, चिटणीस, पोतनीस इत्यादि असामींस सरकारची नेमणूक असे, आणि वरचा अंमलदार त्यांस आपल्या अखत्यारांत काढूं शकत नसे. हिशेबाची साक्ष त्यांच्याच लेखणींत. तेव्हां त्यांची नोकरी अंमलदाराच्या मर्जीबाहेर ठेवणें हें सरकारच्या हिताचेंच होतें. अंमलदार फिरता आणि फड स्थिर, असा हा बेत. त्याखालीं देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी हे तर वतनदार. त्यांची जप्ती होई, परंतु तगिरी व बहाली यांचा रिवाज त्यांस लागत नव्हता.

दूर झालेल्या कमाविसदाराचा खरा छळ हिशेबांत होई. जमेपेक्षां त्याचा खर्च अधिक निघाला कीं सरकारकडे त्याचें ‘फाजील’ निघे. फाजील कबूल होणें वेगळें व हातीं पडणें वेगळें. ताळेबंद रुजू करून, झडती होऊन, फारखत मिळेपर्यंत माणूस दरबारीं खेटे घालीत राही, आणि जामीन राहिलेल्या आप्तांसही सुटका नसे.

सरकारची गरज वाढली तसा हा बांध फुटला. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत मामलतींचे लिलाव होऊं लागले. वर्ष पालटलें कीं चढी बोली करणाऱ्याच्या गळ्यांत तोच परगणा पडे, असें एल्फिन्स्टननें आपल्या १८१९ च्या अहवालांत लिहिलें आहे. तो पक्षकार असल्यामुळें त्याचा शब्द जपून घ्यावा हें खरें. तथापि या बाबतींत त्याचें म्हणणें कागदांशीं जुळतें. मोंगलाईंत राजा चंदुलालाच्या कारभारांत, म्हणजे इ.स. १८४३ पर्यंत, हीच तऱ्हा होती. इजारदार तालुकदार नजराणा व आगाऊ रक्कम भरून तालुका घेई, आणि अधिक देणारा भेटला कीं त्यास निरोप मिळे. मध्यंतरीं रेसिडेंट मेटकाफ यानें १८२१ च्या सुमारास तालुक्यांवर युरोपियन देखरेख बसवून कांहीं वर्षांच्या मुदतीचे ठराव केले. परंतु १८२९ त नासिरुद्दौल्यानें गादीवर येतांच ती देखरेख उठविली. आपण किती महिने राहूं याची खात्री नसलेला तालुकदार पेरणीस तगाई कशास देईल ? दोन वर्षांचें एका वर्षांत ओढावें, हेंच त्याचें शहाणपण. रयतेच्या नागवणुकीचें खापर एकट्या तालुकदाराच्या दुष्टपणावर फोडणें ही मोठी सोय आहे. पण मूळ त्याच्या नेमणुकीच्या अटींत होतें, असें आमचें मत आहे.

याची दुसरी बाजू तितकीच वाईट. ज्याचें देणें फिटत नाहीं तो हालत नाहीं. राज्यानें अरब जमादार व सावकार यांचे पैसे काढले, त्यांपोटीं तालुकेच्या तालुके त्यांजकडे गहाण पडले, आणि कर्ज उगवेपर्यंत त्यांचा ताबा सुटेना. पूर्वीं जी रसद अंमलदाराच्या रक्षणाची ढाल होती, तीच येथें राज्याच्या छातीवरची धोंड झाली.

इ.स. १८५३ च्या मे महिन्यांत दोन गोष्टी दहा दिवसांच्या अंतरानें घडल्या. ता. २१ स तह होऊन वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव-नळदुर्गाचा मुलूख कंपनीच्या कारभाराखालीं गेला, ता. ३१ स चोवीस वर्षांचा सालारजंग दिवाण झाला. नळदुर्गाकडे मेडोज टेलर हा पगारी अंमलदार आला. लातुराच्या शेजारचा तो मुलूख १८६० त परत मिळाला, तेव्हां पगारी कारभाराचा नमुना हैदराबादेपुढें होताच. सालारजंगानें स्वतःही गहाण तालुके सोडवून, इजारदार काढून, वेतनी तालुकदार नेमण्यास आरंभ केला होता. पूर्वींचे तालुकदार वसुलाच्या खर्चादाखल रुपयास दोन आणे घेत. नव्यांस दरमहा तनखा. इ.स. १८६५ च्या जिलाबंदीनें अव्वल, दुय्यम व सोयम तालुकदार आणि तहशीलदार अशी उतरंड लागली. देशमुख-देशपांड्यांस वसुलाच्या कामांतून मोकळें केलें, पण त्यांचे रुसूम चालूं ठेविले. वंशपरंपरेच्या चाकरास दूर करतांना दिलेला हा मोबदला आजच्या ‘सूचनेऐवजीं पगार’ या कलमाचा जवळचा आप्तच म्हणावयाचा. फरक इतकाच कीं तो पिढ्यान्‌पिढ्या द्यावयाचा होता.

तनखा महिन्याचा झाला, तेव्हां निरोपाचें मापही महिन्याचेंच झालें. अंमलदाराची पुंजी तालुक्यांत गुंतलेली नसल्यामुळें त्यास आश्विनांत काढलें काय कीं चैत्रांत काढलें काय, त्याच्या घरच्या हिशेबांत थोडाच फरक पडे.

कागद जमविणारांनीं याविषयीं दोन सावधगिऱ्या बाळगाव्या. तगिरीचें पत्र, रसदेची यादी, ताळेबंद व फारखत हे चारही कागद एकाच व्यवहाराचे असतात. शिक्क्याचें पत्र तेवढें ठेवून बाकीचे ‘नुसते आंकडे’ म्हणून रद्दींत घालण्याची चाल फार नुकसानीची आहे. बडतर्फ झालेल्याचें पुढें काय झालें तें आंकड्यांतच असतें. दुसरी गोष्ट तारखेची. मृगापासून मोजल्या जाणाऱ्या फसलींत ५९० मिळविले असतां मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचें इसवी सन येतें, व पुढें जानेवारीपासून मृगापर्यंत ५९१ मिळवावे लागतात. परंतु हैदराबाद राज्याच्या पुढील काळांतील फसली सन आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतें. त्यामुळें फसली १२७५ मधील श्रावणाच्या सुमाराचा कागद मृगाच्या गणतीनें इ.स. १८६५ चा, आणि आजुराच्या गणतीनें १८६६ चा ठरतो. आजूर, दै, बहमन हीं महिन्यांचीं नांवें कागदावर असल्यास दुसरी गणती धरावी. तीं नसल्यास त्याच अंमलदाराच्या रसदेची यादी शोधावी. रसद कोणत्या मृगास भरली हें तींत आढळलें, म्हणजे तगिरीचें वर्षही उलगडतें.