काँगार, ईव्ह

काँगार, ईव्ह : (१३ एप्रिल १९०४–२२ जून १९९५). फ्रेंच कॅथलिक ईश्वरविद्यावेत्ते व डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू. जन्म सदाँ येथे. १९१४ मध्ये जर्मन फौजांनी तेथील कॅथलिक चर्च जाळले, तेव्हा प्रॉटेस्टंट पाळकाने आपले प्रार्थनामंदिर कॅथलिकांना मिस्सासाठी खुले केले. पुढची काही वर्षे उपासना तिथेच होत असे. ख्रिस्ती पंथांच्या ऐक्याची ओढ आपल्याला त्या मंदिरात लागली, असे ते सांगत.

१९२५ मध्ये संघप्रवेश, १९३० मध्ये गुरुदीक्षा, त्यानंतर अध्यापन. ऐक्यावरचा त्यांचा ‘क्रेतियँ देझ्युनी’ हा ग्रंथ १९३७ चा. १९४० ते १९४५ ही वर्षे जर्मन युद्धकैदेत गेली.

त्यांच्या जीवनाचे मर्म १९५० मधील चर्चच्या सुधारणेवरील ग्रंथात आहे. सुधारणा हवी, पण ती चर्चमध्ये राहून, प्रेमाने, धीर धरून आणि मूळ परंपरेकडे वळून व्हावी, असे त्यांनी मांडले. ग्रंथाच्या पुनर्मुद्रणाला व भाषांतरांना रोमने मनाई केली. १९५४ मध्ये त्यांचे अध्यापन थांबवले गेले. जेरुसलेम, रोम, केंब्रिज अशी रवानगी होत राहिली. या वागणुकीचा संताप त्यांच्या खाजगी टिपणांत उघड दिसतो. त्यांची नम्रता म्हणजे मुकाट सोसणे नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. तरीही त्यांनी संघ सोडला नाही, लेखणीही खाली ठेवली नाही. जेरुसलेमच्या मुक्कामात देवाच्या मंदिरावरचा एक मोठा ग्रंथ लिहून झाला. इतरांसाठी सांगितलेला धीर त्यांनी स्वतः पाळला.

१९६० मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या पूर्वतयारीत सल्लागार नेमले. परिषदेत (१९६२–६५) चर्च, दैवी प्रकटीकरण, ऐक्य, मिशनकार्य व धर्मगुरूंचे जीवन यांवरील मसुद्यांत त्यांचा हात होता. चर्च म्हणजे देवाची प्रजा आणि प्रापंचिकांनाही तिच्या कार्यात हक्काचे स्थान, हा विचार रुजवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. अशा दस्तऐवजांवर लेखकाचे नाव नसते. आपण कोणते परिच्छेद लिहिले याची नोंद त्यांनी रोजनिशीत तेवढी केली.

मज्जासंस्थेच्या आजाराने शरीर थकत गेले, तरी पवित्र आत्म्यावरील त्रिखंडात्मक ग्रंथ त्यांनी १९८० पर्यंत पुरा केला. १९९४ मध्ये ते कार्डिनल झाले. रोमला जाणे शक्य नसल्याने तो मान त्यांनी पॅरिसच्या लेझ अँव्हालिद येथेच स्वीकारला. परिषदेचे अंतरंग समजून घ्यायचे, तर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रोजनिशीला पर्याय नाही.