पिकअप वाहनाच्या मागील आसाची सुधारणा

पिकअप वाहनाच्या दोन मागच्या चाकांना जोडणारा, हौद्यातील मालाचे वजन पेलणारा आणि एंजिनाकडून आलेला पीळ, म्हणजे टॉर्क, चाकांपर्यंत पोचवणारा जो एकत्र बांधलेला भाग असतो त्याला मागील आस किंवा रिअर अ‍ॅक्सल म्हणतात, आणि डोंगरवाटा, चिखल, नाले अशा ठिकाणी वाहन वापरता यावे म्हणून त्या भागाचे बळ किंवा पकड वाढवण्याच्या कामाला आसाची सुधारणा असे नाव आहे. बैलगाडीत आस स्थिर असतो आणि चाक त्याच्याभोवती फिरते. मोटार वाहनात मात्र ‘हाउसिंग’ नावाचे पोकळ पोलादी कवच स्थिर राहते, त्याच्या पोटात दोन्ही बाजूंचे शाफ्ट फिरतात आणि मधोमध क्राउन व पिनियन ही दातेरी चक्रांची जोडी व डिफरेन्शियल बसवलेले असते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे हे डिफरेन्शियलचे काम होय.

नाशिक जिल्ह्यात या विषयाला व्यवहाराचे महत्त्व आहे. पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, निफाड-दिंडोरीची द्राक्षे हा माल शेतापासून बाजारापर्यंत मोठ्या प्रमाणात पिकअपनेच जातो, आणि पेठ, सुरगाणा, हरसूल या पश्चिमेकडील डोंगराळ भागात तर पावसाळ्यात डांबर सोडून वाडीकडे वळताच वाहनाची खरी परीक्षा सुरू होते. भरलेला पिकअप चढाला लागला की वजन मागे सरकते आणि चाकाखाली पावसाने भिजलेली काळी माती असेल तर एक चाक जागच्या जागी फिरत राहते. मागच्या आसावर भार आणि पीळ या दोन्हींचा कडेलोट नेमका अशा क्षणी होतो.

यावर गॅरेजमध्ये सर्वांत सहज केला जाणारा उपाय म्हणजे पाटा वाढवणे, अर्थात मागच्या कमानी स्प्रिंगमध्ये पोलादाची एक पट्टी अधिक घालणे. गाडी मागून बसत नाही, हौदा उंच राहतो आणि मालकाला वाहन बळकट झाल्यासारखे वाटते. वस्तुतः पाट्याने फक्त स्प्रिंगची ताठरता वाढते. हाउसिंग, बेअरिंग आणि शाफ्ट पूर्वीचेच राहतात, आणि ताठर स्प्रिंग खड्ड्याचा हिसका गिळण्याऐवजी तो अधिक तीव्रतेने हाउसिंगकडे पोचवते. म्हणून पाटा वाढवून जादा माल भरणे याला आसाची सुधारणा म्हणता येत नाही. तो आसावर लादलेला जादा भारच ठरतो.

खरी सुधारणा शाफ्टपासून सुरू होते. गोल, भरीव दांड्याची पीळ सोसण्याची शक्ती त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे २८ मिलिमीटरच्या शाफ्टऐवजी त्याच प्रतीच्या पोलादाचा ३२ मिलिमीटरचा शाफ्ट घातला, तर व्यासातील एवढ्याशा फरकाने शक्ती सुमारे दीडपट होते. एंजिनाचा पीळ २०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४ आणि क्राउन-पिनियनचे ४ मानले, तर आसापर्यंत ३,२०० न्यूटन-मीटर पीळ येतो आणि साध्या डिफरेन्शियलमध्ये तो दोन्ही शाफ्टमध्ये निम्मा-निम्मा वाटला जातो. फोर-व्हील ड्राइव्ह वाहनात २.५ गुणोत्तराचा ‘लो’ गिअर लावला की मूळ आकडा ८,००० होतो, मग त्यातला काही वाटा पुढच्या आसाकडे जात असला तरी. तुटलेला शाफ्ट हातात घेऊन पाहिला तर काय घडले ते त्याच्या तोंडावरच वाचता येते: एका हिसक्यात तुटलेल्या शाफ्टचे तोंड सर्वत्र खरबरीत दिसते, तर दीर्घकाळ थकून तुटलेल्यावर समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर लाटांच्या रेघा उमटाव्यात तशा गुळगुळीत कमानी दिसतात.

शाफ्ट किती जाड आहे याइतकेच त्याच्यावर कोणकोणते काम सोपवले आहे हेही महत्त्वाचे असते. ‘सेमी-फ्लोटिंग’ रचनेत चाक थेट शाफ्टच्या टोकाला बसते, त्यामुळे शाफ्टला पीळ आणि वाहनाचे वजन दोन्ही सोसावे लागते, आणि तो बाहेरच्या बाजूला तुटला तर चाकच निखळू शकते. ‘फुल-फ्लोटिंग’ रचनेत वजन हाउसिंगच्या नळीवर बसवलेल्या हबच्या बेअरिंगवर जाते आणि शाफ्टकडे केवळ फिरवण्याचे काम उरते; तो तुटला तरी चाक जागेवर राहते आणि बाहेरून बोल्ट काढून शाफ्ट रस्त्याच्या कडेलाच ओढून काढता येतो. मालट्रकच्या मागच्या चाकाच्या मधोमध पुढे आलेला हब आणि त्यावरील बोल्टचे कडे ही याच रचनेची खूण आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलिस लष्करी जीपला फुल-फ्लोटिंग मागील आस होता, पुढे नागरी जीपमध्ये सेमी-फ्लोटिंग आस आला. भारतात १९४७ पासून विलिस जीप जुळवणाऱ्या महिंद्र कंपनीच्या वाहनांची परंपरा त्याच कुळातली आहे. जड माल आणि आडवाट या दोन्हींची सांगड घालायची असेल तर फुल-फ्लोटिंग आस हीच सर्वांत मोलाची सुधारणा समजावी, जरी तिच्यामुळे वजन आणि खर्च वाढत असला तरी.

क्राउन-पिनियनचे गुणोत्तर बदलण्याची गरज बहुधा मोठ्या टायरमुळे उद्भवते. २३५/७० आर १६ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर असतो. त्याजागी ३३ इंची, म्हणजे ८३८ मिलिमीटरचा टायर चढवला की चाकाची एक फेरी १४ टक्के लांब होते आणि तेवढ्याच प्रमाणात गाडी चढाला दमते. क्राउनचे ४१ आणि पिनियनचे ११ दाते असतील तर गुणोत्तर ३.७३ येते, मूळची ओढ परत मिळवण्यासाठी ते ४.२५ च्या आसपास न्यावे लागते.

पकड वाढवण्यासाठी डिफरेन्शियलला कुलूप घालण्याची, म्हणजे ‘लॉकिंग’ची, सोय केली जाते. साध्या डिफरेन्शियलमध्ये घसरणाऱ्या चाकाला जेवढा पीळ मिळतो तेवढाच घट्ट उभ्या चाकाला मिळतो, म्हणून एक चाक हवेत गेले की गाडी थांबते. महिंद्रच्या नाशिक येथील कारखान्यात बनणाऱ्या थार या वाहनाच्या मागील आसात २०१५ च्या फेरबदलानंतर ईटन कंपनीच्या पद्धतीचे यांत्रिक लॉक आले आणि २०२० च्या नव्या थारमध्ये मागचे पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या तरी अखंड आस आणि असे लॉक टिकून राहिले. या यंत्रणेत दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतील वजने बाहेर फेकली जातात, खिटी अडकते, चकत्या आवळतात आणि दोन्ही शाफ्ट एकत्र फिरू लागतात. ताशी सुमारे ३२ किलोमीटरच्या वर मात्र ते लागत नाही. लॉक लागल्यावर जवळजवळ सगळा पीळ एकाच शाफ्टवर येऊ शकतो, म्हणून जुन्या, बारीक शाफ्टवर लॉक बसवणे म्हणजे मोडण्याची जागा स्वतः ठरवून देणे होय.

या सुधारणांना कायद्याचीही मर्यादा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी-प्रमाणपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरबदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. आस कितीही मजबूत केला तरी नोंदणी-प्रमाणपत्रावरील एकूण वजनाची मर्यादा त्यामुळे वाढत नाही, ही गोष्ट माल वाहणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावी.

जोडणीत सर्वाधिक कौशल्य क्राउन-पिनियन बसवण्यात लागते. दात्यांना निळा रंग लावून चक्र फिरवतात, रंग दात्याच्या मध्यावर उठेपर्यंत शिम म्हणजे पातळ चकत्या कमी-जास्त करतात, आणि दात्यांमधील मोकळीक, जिला बॅकलॅश म्हणतात, ती बऱ्याच आसांत ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या दरम्यान राखतात. ती चुकली तर काही दिवसांत आस गुणगुणू लागतो. क्राउन-पिनियनच्या हायपॉइड दात्यांमध्ये सरकते घर्षण फार असल्याने जीएल-५ प्रतीचे तेल घालावे लागते. तापलेला आस नाल्याच्या थंड पाण्यात शिरला की आतील हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. हे टाळण्यासाठी हाउसिंगच्या ब्रीदरला, म्हणजे हवा ये-जा करण्याच्या छिद्राला, नळी जोडून तिचे तोंड वर चेसिसच्या उंचीपर्यंत नेतात. पावसाळा संपल्यावर तळाचा बोल्ट काढला आणि तेल दुधाळ चहासारखे बाहेर आले, तर पाणी आत गेले असे समजावे आणि बेअरिंगवर गंज चढण्याआधी हाउसिंग स्वच्छ करून नवे तेल भरावे.