पॉटिंग : इलेक्ट्रॉनीय मंडलांचे राळपूरण

उघड्यावर वापरावयाचे इलेक्ट्रॉनीय मंडल (सर्किट) पेटीत बसवून तीत द्रवरूप संश्लिष्ट राळ ओतणे आणि ती तेथेच घट्ट होऊ देणे, या क्रियेस पॉटिंग म्हणतात. पिंपरी-चिंचवड व चाकण या वाहननिर्मितीच्या पट्ट्यात तिचा परिचित दाखला म्हणजे, चाकांनी उडविलेला चिखल आणि इंजिनाचे हादरे सोसणारे, दुचाकीचे सीडीआय (प्रज्वलन) युनिट व रेग्युलेटर-रेक्टिफायर हे भाग होत.

पेटी हवाबंद केली म्हणजे बंदोबस्त झाला, हा समज अपुरा आहे. कारण तापलेल्या पेटीवर आषाढातील सर कोसळली, की आतील हवेचा दाब उतरून, गॅस्केटच्या फटीतूनच नव्हे, तर तारेच्या पदरांमधील सूक्ष्म पोकळीतूनही पाणी आत ओढले जाते. जलरोधाच्या आयपी ६७ या दर्जाची कसोटी वस्तू १ मीटर पाण्यात ३० मिनिटे बुडवून घेतली जाते. परंतु वर्षानुवर्षे तापण्या-निवण्याचा परिणाम तेवढ्याने कळत नाही, म्हणून तापमानचक्राची चाचणी निराळी घ्यावी लागते.

या कामी वापरावयाच्या राळांपैकी एपॉक्सी कठीण असून धातूस दृढ चिकटते, मात्र घट्ट होताना ती तापते व तिच्या ताणाने नाजूक सोल्डर-जोड तडकू शकतात. पॉलियुरेथेन अधिक लवचिक. पण तिच्यातील आयसोसायनेटाचा दमट हवेशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइडाचे बुडबुडे उठतात, सबब पावसाळ्यात डबा उघडा ठेवणे ही मोठीच कसूर होय. सिलिकोन सुमारे उणे ५० ते २०० अंश सेल्सियसपर्यंत मऊ राहते, आणि त्यातून पाण्याची वाफ सहज आरपार जात असूनही ते उत्तम रक्षण करते.

या वरकरणी विसंगतीतच पॉटिंगचे खरे मर्म आहे. नुसती वाफ मंडलाचा घात करीत नाही. राळ जेथे पृष्ठभागापासून सुटली असेल तेथे त्या वाफेचे पाणी होते, सोल्डरिंगच्या फ्लक्सचे उरलेले क्षार त्या ओलाव्यात विरघळतात, आणि विद्युत्-दाबाखाली दोन वाहक पट्ट्यांमध्ये धातूचे तंतू वाढून मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट) होतो. यास्तव राळेच्या किमतीपेक्षा ओतण्यापूर्वीची धुलाई, वाळवण, रेझिन-हार्डनरचे अचूक प्रमाण आणि निर्वातात हवा काढून टाकणे यांस अधिक मोल द्यावे. एपॉक्सीत बुडालेले मंडल दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य असते. सिलिकोन जेल मात्र कापून, बिघडलेला भाग बदलून, पुन्हा भरता येते.