तळटीप : घरी भरलेलं काडतूस अडतं तेव्हा

* ‘बोल्ट अर्ध्यावर अडला’ : अमेरिकेत अनेक शिकारी झाडलेल्या काडतुसाचं पितळी कवच जपून ठेवतात आणि नवी टोपी, दारू व गोळी घालून ते घरीच पुन्हा भरतात. इथलं काडतूस .३०-०६ स्प्रिंगफील्ड, म्हणजे अमेरिकी सैन्याने १९०६ साली स्वीकारलेलं. बार उडताना कवच फुगून चेंबरच्या भिंतींना भिडतं. म्हणून भरण्याआधी ते साच्यात दाबून मापावर आणतात. त्यात कसर राहिली, तर कवचाचा खांदा पुढेच राहतो आणि बोल्ट मिटत नाही. शिवाय दर खेपेला पितळ मानेकडे सरकून कवच लांबतं, ६३.३५ मिमीच्या पलीकडे गेलं, की कातरावंच लागतं. गोळी फार बाहेर राहिली, तर ती नळीतल्या पिळांना टेकते. बसवताना मान जास्त आवळली, तर खांदा फुगतो.

लेखक पुढे साच्यातून काढलेलं रिकामं कवच चेंबरमध्ये घालून पाहतो, ते याच निदानासाठी. ते सहज बसलं, तर दोष गोळी बसवण्यात. तेही अडलं, तर खांद्यात किंवा लांबीत. कवचाला शाई फासली, की ती जिथे खरवडली जाते तिथे दुखणं सापडतं. बोल्ट जोराने ठोकणं मात्र घातक : लांबलेली मान चेंबरच्या कडेत चिमटली, तर गोळी सहज सुटत नाही आणि दाब बेसुमार वाढतो. – संपा.