घोड्याची गोम

“यात काहीतरी गोम आहे!” असे आम्ही पालमकर दिवसातून दहादा म्हणतो, पण ही गोम मुळात घोड्याच्या अंगावरची, हे आता फारसे कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही. केस उलटे फिरून जी रेघ उमटते ती गोम, आणि गोल फिरतात तो भोवरा. आमच्या शेजारी, लोह्याजवळच्या माळेगावी, मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या घोडेबाजारात जाणते गिऱ्हाईक आधी दात पाहते आणि मग मानेवरून, छातीवरून हलकेच बोटे फिरवते. शुभाशुभाचा भाग मला स्वतःला पटत नाही. ओळखीची खूण म्हणून मात्र तिचे मोल मोठे. काळसर जन्मलेले शिंगरू पुढे पांढरेशुभ्र होऊ शकते, पण भोवरा जागचा हलत नाही.

ओळख पटवण्याची एवढी यातायात कशासाठी? पैशासाठी, दुसरे काय! घोड्यामागे सरकारी तनखा मिळू लागला, की हजेरीला चांगला घोडा उसना आणायचा आणि एरवी तट्टावर भागवायचे, ही युक्ती ठरलेलीच. अल्लाउद्दीन खिलजीने (१२९६–१३१६) त्यावर डागाचा उपाय काढला. अकबराने १५७३–७४ च्या सुमारास तो नव्याने अमलात आणला. त्याच्या डागाचीही गंमत आहे: आधी मानेच्या उजव्या बाजूस ‘सीन’ अक्षराच्या डोक्यासारखी खूण, मग उजव्या मांडीवर दोन अलिफांची फुली, पुढे प्रत्यंचा उतरवलेले धनुष्य आणि शेवटी आकडे. खुणा बदलत गेल्या, त्या अर्थी लबाडही स्वस्थ बसले नसावेत! डागाच्या जोडीला दप्तरात स्वाराचे वर्णन लिहीत. त्याला ‘चेहरा’ म्हणत. आपली ‘चेहरेपट्टी’ त्याच घरची.

शिवरायांच्या पागेत बारगिराचा घोडा सरकारी असे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद, असे सभासद सांगतो. शिलेदाराचे तसे नव्हते. घोडा त्याचा स्वतःचा. तो मेला आणि दुसरा घेण्याची ऐपत नसली, तर कालचा शिलेदार आज दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर! तेव्हा अंगावरच्या त्या खुणांवर एका घराची भाकरी आणि पत तोललेली असे. शिलेदारीची ही रीत पुढे निजामाच्या मुलखात, हिंगोलीच्या छावणीतील रिसाल्यांतही चालली.

आज लांब पल्ल्याच्या शर्यतींत घोडा एका दिवसात १६० किलोमीटर धावतो. वाटेत दमलेला घोडा बदलून त्याच्यासारखा दिसणारा ताजा घोडा पुढे काढण्याचा मोह तिथेही असणारच. म्हणून मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. यंत्र फिरवले की १५ आकडी क्रमांक दिसतो. २०१३ पासून आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाकडे नव्याने नोंदल्या जाणाऱ्या घोड्यांना ती सक्तीची झाली. तरीही घोड्याच्या पासपोर्टात त्याचे रेखाचित्र असतेच, आणि भोवरा असेल तिथे पशुवैद्य काळ्या शाईने फुली मारतो.