इंग्लंडच्या जुन्या घरांतील शेकोट्या

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये विस्तव मोठ्या दालनाच्या मधोमध पेटे आणि धूर छपरातील झरोक्यातून वाट काढी. सोळाव्या शतकात विटांची धुरांडी सर्रास झाली, तेव्हा शेकोटी भिंतीत शिरली. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दीत, १६६२ साली, दर शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसला. मोजणीसाठी अधिकारी थेट घरात शिरत; लोक संतापले व १६८९ मध्ये कर रद्द झाला. दोन शिलिंगांपेक्षा उंबरठा ओलांडणारा माणूसच अधिक खुपला असावा.

अठराव्या शतकात रॉबर्ट अ‍ॅडमने शेकोटीभोवती पुष्पमाला व कलश कोरलेली संगमरवरी चौकट उभारली. पण चौकट सुंदर आणि खोली धुराने भरलेली, हे दुखणे उरलेच. काउंट रम्फर्डने १७९६ च्या निबंधात उपाय सांगितला: शेकोटी उथळ करावी, बाजूच्या भिंती तिरक्या बांधाव्यात आणि धुरांड्याचा गळा आवळावा. धूर वर गेला, ऊब खोलीत आली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ओतीव लोखंडाच्या कमानी व रंगीत फरशा आल्या.

कोळशाची धुरांडी मात्र अरुंद व वळणाची. काजळी खरवडण्यासाठी त्यांत लहान मुले चढवीत. १७८८ च्या कायद्याने आठ वर्षांखालील उमेदवार ठेवण्यास मनाई केली. १८४० च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील कोणालाही चढविण्यास. लांब दांड्याचे ब्रश उपलब्ध होते, तरी दोन्ही कायदे बव्हंशी कागदावरच राहिले. १८७५ मध्ये धुरांडी झाडणाऱ्यास पोलिसांकडून दरवर्षी परवाना घेणे भाग पडले, तेव्हा कोठे ती मुले खाली उतरली.