शिर्डी विमानतळ आणि काकडीचा माळ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

तीर्थक्षेत्रांच्या वाढीचा इतिहास हा बव्हंशी दळणवळणाचा इतिहास असतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शिर्डी यास अपवाद नाही. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला. त्यामुळे साईभक्त दीर्घकाळ कोपरगावी उतरून पुढे शिर्डी गाठीत. खुद्द शिर्डीस रेल्वे स्थानक लाभले ते 2009 मध्ये. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी, 1 ऑक्टोबर 2017 रोजी, समाधी शताब्दी वर्षाच्या प्रारंभी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते विमानतळाचे उद्घाटन झाले.

महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने उभारलेला हा विमानतळ शिर्डीत नसून सुमारे 14 कि.मी. अंतरावरील काकडी (ता. कोपरगाव) येथे आहे. 2,500 मीटरची धावपट्टी, 2,750 चौ. मीटरची प्रवासी इमारत आणि चार विमानांपुरता वाहनतळ हा त्याचा प्रारंभीचा पसारा. एखाद्या लहानशा देशास पुरावा इतका तो आटोपशीर होता. नावात मात्र ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द आरंभीच आला. नियमित उड्डाणे मुंबई, हैदराबाद, दिल्ली अशी देशांतर्गतच राहिली. नाव आधी आणि कार्य मागाहून, हा क्रम आपल्याकडे अपरिचित नाही!

तथापि अभ्यासकाने खरे लक्ष द्यावे ते काकडीच्या भूमीकडे. ब्रिटिश काळात गोदावरीच्या कालव्यांनी कोपरगाव तालुक्याचा मोठा भाग बागायती झाला, त्यावर पुढे साखर कारखानदारी उभी राहिली. तालुक्याचा दक्षिणेकडील पट्टा मात्र कोरडाच राहिला. काकडी त्याच जिरायती पट्ट्यातील. विस्तीर्ण जमीन येथे उपलब्ध झाली, त्यामागे हे कोरडेपण होते, असे मानण्यास जागा आहे. या दुष्काळी टापूसाठी प्रवरेवरील निळवंडे प्रकल्पाची कल्पना 1970 मध्ये मांडली गेली. त्याच्या 85 कि.मी. लांबीच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले 26 ऑक्टोबर 2023 रोजी, म्हणजे काकडीच्या माळावर प्रवासी विमान उतरल्यानंतर सहा वर्षांनी. विमानतळाच्या मागे देशभरातील भाविकांची मागणी होती. कालव्याच्या मागे केवळ जिरायतदार शेतकरी होता, आणि त्याच्या मागणीस त्रेपन्न वर्षे लागली.

पुढील वर्षी, 9 ऑक्टोबर 2024 रोजी, विमानतळाच्या नव्या एकात्मिक प्रवासी इमारतीची पायाभरणी झाली; तिचा अंदाजित खर्च 645 कोटी रुपयांहून अधिक आहे.